बांध, भिंत आणि हौद

मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या माले गावात आणि आसपासच्या वाड्यांत भात निघालं, झोडणी उरकली की पोरांची नजर खाचरांकडे वळते. एखादं त्यातल्या त्यात मोठं, सपाट खाचर हेरायचं. धसकटं विळ्याने बुडापासून कापायची, मधल्या पट्ट्यावर पाणी शिंपडून धुमसाने ठोकायचं, आणि उरलेल्या रानाकडे फारसं लक्ष द्यायचं नाही. बांध म्हणजे सीमारेषा. पण बांध कधी सरळ नसतो, आणि एका बाजूचं खाचर खालच्या टप्प्यावर असतं. म्हणून नियम जागेवरच ठरतात. खालच्या खाचरात चेंडू पडला तर चार, जांभळीला लागून आत आला तर दोन, शेजाऱ्याच्या वालाच्या शेतात गेला तर आउट, कारण तो चेंडू परत आणायला जाणाऱ्याला शिव्या खाव्या लागतात. पाहुणा संघ आला की नाणेफेकीच्या आधी हे सगळं त्याला समजावून सांगायचं. तो कुरकुरतो, पण खेळतो.

शहरातून आलेल्या माणसाला हा गावठीपणा वाटेल. पण अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वांत लाडक्या मैदानांपैकी एकावर हाच कारभार चालतो. शिकागोच्या रिग्ली फिल्डमधली मैदानामागची विटांची भिंत आयव्हीच्या वेलीने झाकलेली आहे. मैदान १९१४ सालचं, वेल १९३७ मध्ये लावलेली. मारलेला चेंडू त्या पानांत अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोन बेस मिळतात. हात वर न करता त्याने पानांत हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली, तर खेळ चालूच राहतो. इंग्लंडात कँटरबरीच्या मैदानात तर सीमारेषेच्या आतच लिंबाच्या जातीचं नव्हे, लाइमचं, म्हणजे लिंडनचं भलं मोठं झाड उभं होतं. त्याला चेंडू लागला की चार धावा. २००५ च्या जानेवारीत वाऱ्याने ते कोसळलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी एखादा जुना खेळाडू गेल्यासारख्या बातम्या दिल्या.

फुटबॉल, टेनिस, कबड्डी यांत असं काही होत नाही. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, मग सामना बालेवाडीत असो की तेहरानमध्ये. मातीच्या जागी मॅट आली तेव्हापासून तर पायाखालचा स्पर्शही जगभर सारखाच. क्रिकेट आणि बेसबॉल हे दोनच मोठे खेळ असे आहेत की ज्यांत मधला भाग इंचात मोजलेला आणि बाहेरचा बराचसा जागेवर सोपवलेला. क्रिकेटमध्ये खेळपट्टी २२ यार्डांची, त्यात तडजोड नाही. सीमारेषा मात्र पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात ६५ ते ९० यार्डांच्या दरम्यान कुठेही चालते, आणि चारही बाजूंना ती सारखी असलीच पाहिजे असं नाही. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ९० फूट ठरलेलं, पण मागची भिंत किती लांब आणि किती उंच, ते बरंचसं त्या त्या शहराने ठरवायचं. त्यामुळे या दोन खेळांत मैदान नुसतं सामन्याचं ठिकाण राहत नाही. ते निकालात हात घालतं. आणि निकालात हात घालणाऱ्यावर माणसं प्रेम तरी करतात, नाहीतर त्याला शिव्या तरी देतात.

बोस्टनचं फेनवे पार्क हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते उघडलं तेव्हा डाव्या बाजूला लँड्सडाउन रस्ता होता आणि रस्ता काही सरकणार नव्हता. मैदान त्या बाजूला आखूड पडलं, जेमतेम ३१० फूट. म्हणून तिथे उंच भिंत बांधली. आज ती ३७ फूट आणि वर दोन इंच आहे. आधी तिच्यावर जाहिराती असायच्या. १९४७ मध्ये ती हिरवी रंगवली आणि पुढे तिला ‘ग्रीन मॉन्स्टर’ हे नाव पडलं. या भिंतीने खेळाचं गणितच बदललं. दुसऱ्या मैदानात सहज झेल जाईल असा उंच उडालेला चेंडू इथे भिंतीवर आपटतो आणि फलंदाज धावत सुटतो. उलट, दुसरीकडे जो सपाट, कडक फटका सरळ मैदानाबाहेर गेला असता, तो इथे भिंतीला थडकून परत येतो. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि त्यावरचे आकडे अजूनही हाताने बदलतात. भिंतीमागे माणसं बसलेली असतात आणि फटीतून सामना बघतात.

फेनवेमध्ये बसायची सोय वाईट आहे. खुर्च्या अरुंद, काही खुर्च्यांच्या नेमक्या समोर छताचा खांब. तिकिटावर ‘दृश्य अडतं’ असं छापून ती विकतात आणि लोक ती घेतात. खांबांची बाजू घ्यायला कुणी सहसा उभं राहत नाही, म्हणून सांगतो. खांब मध्ये घेतले की वरचा मजला खालच्या मजल्याच्या डोक्यावर अगदी पुढे आणता येतो, आणि वरचा प्रेक्षक खेळाडूच्या जवळ येतो. खांब काढून टाकले की छताचा सगळा भार मागच्या बाजूने पेलावा लागतो, वरचा मजला मागे सरकतो आणि उंच जातो. आजच्या चकचकीत स्टेडियममध्ये कुणाचीही नजर अडत नाही, पण वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढा दिसतो तो यामुळे. जुन्यात थोड्यांचं नुकसान आणि बऱ्याच जणांचा फायदा होता. नव्यात सगळ्यांचं थोडं थोडं नुकसान आहे.

नजरेचं हे शास्त्र कळलं की कोल्हापूरच्या खासबागेचं मोल कळतं. माझ्या मते महाराष्ट्रात प्रेक्षकाचा विचार करून बांधलेलं यापेक्षा चांगलं मैदान नाही, आणि ते शंभरावर वर्षांपूर्वीचं आहे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. तसंच मैदान आपल्या मल्लांसाठी हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. १९०७ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये मैदान तयार झालं. म्हणजे फेनवे आणि खासबाग एकाच सालातली. फेनवे रस्त्याच्या अडचणीतून घडलं. खासबाग घडलं ते कुस्ती नीट दिसली पाहिजे या हट्टातून.

कुस्तीचा निकाल कशावर लागतो ते बघा. मल्लाची पाठ मातीला टेकली की चितपट. हा क्षण जमिनीलगत घडतो आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. सपाट जागेवर गोल करून बसलेल्या गर्दीत पहिल्या दोन-तीन रांगांना तो दिसतो. बाकीच्यांना पुढच्यांच्या ओरडण्यावरून कळतो. म्हणून खासबागेत मैदान बशीसारखं केलं. मध्ये हौद, आणि त्याच्याभोवती चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. हौद भोवतालच्या जमिनीपेक्षा उंचावर. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दोन्ही खांदे कुठे आहेत ते वरून दिसतं. कुस्तीच्या जोडीला नाटकवेडही होतंच. शेजारीच महाराजांनी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये ते सुरू झालं, आणि पुढे त्याला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं तेव्हा कोल्हापूरकर रात्री रस्त्यावर उभे राहून रडले.

आजचे स्टेडियम बांधणारे हाच विचार आकड्यांत मांडतात. मागच्या प्रेक्षकाच्या डोळ्यातून मैदानाच्या जवळच्या कडेपर्यंत एक रेषा काढायची. ती रेषा पुढे बसलेल्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून साधारण ९ ते १२ सेंटिमीटर वरून गेली पाहिजे. कमी गेली तर पुढच्याचं डोकं आडवं येतं, आणि त्याने टोपी घातली असेल तर प्रश्नच मिटला. गंमत अशी की सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या करून हे साधत नाही. जसजसं मागे जावं तसतशी पायरी अधिक उंच करावी लागते. म्हणून मोठ्या स्टेडियममधल्या वरच्या रांगा जिन्यासारख्या उभ्या होतात आणि तिथे चढताना गुडघे बोलतात. मैदान लहान ठेवलं, मधला भाग उंचावला, तर हा चढ सौम्य राहतो. खासबागेने नेमकं हेच केलं. कुस्तीला जागा लहान लागते, हा फायदा त्यात धरायलाच हवा. क्रिकेटचं मैदान हौदाएवढं करता येत नाही.

हौदातली माती हा वेगळाच विषय. लाल माती चाळून घ्यायची, तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर घालायचा, वरचेवर खोऱ्याने उकरून मऊ ठेवायची. अंगाला लागली तर जखम चिघळू नये आणि घाम शोषला जावा, असा त्यामागचा हिशोब. मैदान भरलं की हलगी घुमायला लागते, पुकारणारा मल्लांची नावं, गावं आणि वस्तादांची नावं घेतो, आणि नावाजलेल्या जोडीची सलामी झाली की हजारो माणसं गप्प होतात. सत्तरच्या दशकात इथे युवराज पाटील आणि दिल्लीचा सतपाल यांची कुस्ती झाली, तिच्या गोष्टी कोल्हापुरात ती न पाहिलेली माणसंही सांगतात.

मुळशीला हे परकं नाही. महाराष्ट्रात कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ मुळशीचे, आणि ‘महाराष्ट्र केसरी’च्या विजेत्याला मिळणारी चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. चैत्र-वैशाखात तालुक्यातल्या गावोगावच्या जत्रांत दुसऱ्या दिवशी आखाडा भरतो. आखाड्याची जागा कशी निवडतात तेही बघण्यासारखं असतं. देवळाच्या बाजूला एखादं टेपाड असेल तर त्याच्या पायथ्याशी. टेपाडावर माणसं बसली की आपोआप बैठक तयार होते. म्हातारी आणि पंच मंडळी पुढे, पोरं झाडांवर. रेवड्यांवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि शेवटी नेमलेली मोठी कुस्ती. आमच्या डोंगराळ मुलखात उताराला तोटा नाही. शाहू महाराजांनी जे माती हलवून केलं ते इथे डोंगराने फुकटात करून ठेवलंय.

मुंबईकडे वळलं की गोष्ट उताराची राहत नाही, भांडणाची होते. बॅकबे भरावावर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबोर्न स्टेडियम बांधलं, १९३७ मध्ये ते उघडलं. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी जमीन दिली म्हणून त्यांचं नाव. आत गेल्यावर वाटतं आपण एखाद्या क्लबच्या हिरवळीवर आलोय, आणि ते खरंच आहे, कारण ते क्लबचंच. १९६० च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत अब्बास अली बेगने अर्धशतक केल्यावर एक तरुणी धावत मैदानात गेली आणि तिने भर सामन्यात त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. ही आठवण मुंबईतल्या जुन्या क्रिकेटवेड्यांच्या तोंडी कसोटीच्या धावफलकापेक्षा जास्त वेळा येते.

पण जागा क्लबची, सामना भरवणारी संघटना वेगळी. तिकिटांच्या वाटणीवरून दोघांत वर्षानुवर्षं धुसफूस होती. शेवटी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी आपलंच स्टेडियम बांधायचं ठरवलं, आणि तेही ब्रेबोर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वास्तुरचना शशी प्रभू यांची. साधारण वर्षभरात ते उभं राहिलं आणि १९७५ च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला एक चाहता आत धावला, पोलिसांनी त्याला बडवलं आणि स्टँडमध्ये दंगल उसळली. म्हणजे वानखेडेच्या प्रेक्षकाचा स्वभाव पहिल्याच सामन्यात दिसला. त्याला खेळ कळतो, समोरच्या संघाचा मोठा डावही कळतो, आणि त्याच्या अंगाला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही.

वानखेडे दिसायला सुंदर नाही. तिन्ही बाजूंनी इमारती, रूळ आणि रस्ते यांनी दाबलेलं ते मैदान आहे. तरी ते मुंबईकरांचं लाडकं आहे आणि माझ्या मते याचं सर्वांत मोठं कारण लोकल. चर्चगेटला उतरायचं, चालत पाच-दहा मिनिटांत आत. सामना संपला की तितक्याच मिनिटांत परत फलाटावर. डोंबिवलीचा, विरारचा माणूस ऑफिसची बॅग घेऊन येऊ शकतो. नॉर्थ स्टँडमध्ये जी गर्दी पिढ्यान्‌पिढ्या जमली ती रेल्वेने आणलेली गर्दी आहे. ‘सचिन… सचिन’ हा गजर इथे जसा घुमला तसा दुसरीकडे क्वचितच. २०११ च्या विश्वचषकाआधी स्टेडियमचं नूतनीकरण झालं तेव्हा आसनं पंचेचाळीस हजारांवरून तेहतीस हजारांच्या आसपास आली, वर कापडी छत आलं, आणि आवाज आत कोंडला जाऊ लागला. २ एप्रिल २०११ ला धोनीचा षटकार स्टँडमध्ये जिथे पडला त्या खुर्च्या आता वेगळ्या जपून ठेवल्या आहेत. मैदानावरचं स्मारक खेळाडूचं असतं हे माहीत होतं. खुर्चीचं स्मारक मुंबईनेच केलं.

समुद्राचं पाणी तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याचा खेळावर परिणाम होतो. संध्याकाळी दिव्यांखाली नवा चेंडू हलतो. २ नोव्हेंबर २०२३ ला श्रीलंकेचा संघ इथे ५५ धावांत गारद झाला, शमीने १८ धावांत पाच बळी घेतले. त्यानंतर पाचच दिवसांनी त्याच मैदानावर अफगाणिस्तानविरुद्ध ग्लेन मॅक्सवेलने एका पायावर उभं राहून नाबाद २०१ केल्या. लाल मातीची खेळपट्टी, चांगली उसळी आणि आखूड सीमा. पहिला तास गोलंदाजाचा आणि नंतर फलंदाजाचा, असं मैदान. असा अंदाज लागतो म्हणून प्रेक्षक वेळेवर येऊन बसतो.

मुंबईतच आणखी एक बैठक आहे जिला तिकीट नाही, ती म्हणजे शिवाजी पार्कचा कट्टा. मैदान १९२५ चं, शिवरायांचं नाव १९२७ मध्ये दिलेलं. भोवतीचा बुटका कट्टा म्हणजे जगातला सर्वांत लांब आणि एकाच रांगेचा स्टँड म्हणायला हरकत नाही. त्याच्यावर बसलेल्या माणसासमोर एकाच वेळी अनेक सामने चालू असतात आणि एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या लाँगऑनच्या पाठीशी उभा असतो. चेंडू कुणाचा हे ओळखण्यात निम्मं कसब जातं. इथे आणि आझाद मैदानावर वाढलेली पोरं हवेतला आणि जमिनीवरचा चेंडू गर्दीतून हेरायला शिकतात, ते उगीच नाही.

आता पुणे. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. शहराच्या मध्यात, सारसबागेच्या पलीकडे, एसटी स्टँडला लागून. १९८४ पासून २००५ पर्यंत तिथे अकरा एकदिवसीय सामने झाले. त्यातला एक पुणेकरांना कायमचा लक्षात राहिला. २९ फेब्रुवारी १९९६ ला विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवलं. केनियाच्या १६६ धावा, आणि लारा, रिचर्डसन, अँब्रोज, वॉल्श असलेला संघ ९३ त सगळा बाद. भारताचा सामना नव्हता, तरी त्या दिवशी तिथे असल्याचं आज इतकी माणसं सांगतात की स्टेडियम तिप्पट भरलं असणार.

पुढे इथेही तिकिटांवरूनच बिनसलं. महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि महापालिका यांच्यात पासेस किती आणि कुणाला यावर वाद झाला आणि संघटनेने आपलं मैदान बांधायचं ठरवलं. वानखेडेचीच गोष्ट, पण एक फरक. वानखेडेंनी शेजारी बांधलं. पुण्याच्या संघटनेने शहराच्या बाहेर, द्रुतगती मार्गालगत मावळातल्या गहुंज्याला. नागपूरचंही असंच झालं. सिव्हिल लाइन्समधलं जुनं मैदान गावात होतं. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात तिथली भिंत कोसळून प्रेक्षकांचा जीव गेला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००८ मध्ये, वर्धा रस्त्यावर जामठ्याला प्रशस्त नवं मैदान झालं. सुरक्षित, मोठं, आणि गावापासून दूर.

अमेरिकेने हे सगळं साठ-सत्तरच्या दशकात करून पाहिलं आहे. जुनी गावातली बेसबॉलची मैदानं पाडून त्यांनी महामार्गांजवळ, गाड्या लावायच्या अफाट आवारांच्या मधोमध गोल काँक्रीटची स्टेडियमं बांधली. अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही तिथेच. गोल असल्यामुळे प्रत्येक भिंत सारखी, सगळी शहरं सारखी, आणि प्रेक्षक खेळापासून लांब. लोक येत होते, पण ते मैदान कुणाला आवडत नव्हतं. शेवटी १९९२ मध्ये बाल्टिमोरने बंदराजवळ, भर गावात कॅमडेन यार्ड्‌स बांधलं. रेल्वेचं जुनं, लांबलचक विटांचं गोदाम पाडलं नाही, उलट तेच मैदानाची मागची बाजू म्हणून वापरलं. ते इतकं आवडलं की पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून अधिक संघांनी त्याची री ओढली. त्यातल्या काहींनी वेडावाकडेपणाही मुद्दाम आणला, भिंतीला उगाच कोन दिले, आणि तो खोटेपणा दिसतो. फेनवेच्या भिंतीला कारण होतं. त्या कोनांना नाही. आपल्याकडे मात्र पुढचं पान उलटायच्या आधीच आपण बाहेर पडलो.

गहुंज्याचं मैदान वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. उलट, भारतातल्या देखण्या मैदानांत त्याची गणना व्हावी. आराखडा मायकल हॉपकिन्स यांच्या संस्थेचा. लॉर्ड्‌सवरचा तंबूसारख्या छताचा माउंड स्टँड ज्यांनी केला तेच हे. १ एप्रिल २०१२ ला शरद पवारांच्या हस्ते उद्घाटन झालं. आतून पाहिलं तर मैदान खोलगट आहे, बाहेरून आत शिरलं की एकदम खाली हिरवं वर्तुळ दिसतं आणि वरच्या रांगांतून पलीकडचे डोंगर. पावसाळ्यानंतर ते डोंगर हिरवे असतात तेव्हा समोरच्या षटकाकडे दुर्लक्ष होतं.

खेळाच्या बाबतीत तर या मैदानाने थोड्या वर्षांत पुष्कळ दिलं. पहिला आंतरराष्ट्रीय सामना डिसेंबर २०१२ चा, इंग्लंडविरुद्धचा टी-ट्वेंटी. पहिली कसोटी फेब्रुवारी २०१७ ची, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तीन दिवसांत संपली. भारत १०५ आणि १०७. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत अगदी तेवढ्याच, ३५ धावांत ६ बळी घेतले, आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोहलीने नाबाद २५४ केल्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेऊन सामना जिंकून दिला, आणि भारताने बारा वर्षांनी मायदेशात कसोटी मालिका गमावली. म्हणजे भारताच्या दोन मोठ्या घरच्या पराभवांचं मैदान हेच. पुणेकरांना याचा थोडा छुपा अभिमानही वाटतो की काय, अशी शंका येते.

अडचण आहे ती प्रेक्षकाची. बैठकीचा मोठा भाग उघडा आहे. एकदिवसीय दिवस-रात्र सामन्यात दुपारचे तीन तास निघतात, पण कसोटीत सकाळी साडेनऊपासून ऊन डोक्यावर घेऊन बसायचं. २०२४ च्या त्या कसोटीत पहिल्याच दिवशी स्टँडमध्ये पिण्याचं पाणी अपुरं पडलं, लोकांनी आरडाओरडा केला आणि संघटनेला जाहीर माफी मागावी लागली. बाहेरून बाटली नेऊ देत नाहीत, मग आतलं पाणी संपलं तर माणसाने करायचं काय? कलोसियमला ऐंशी कमानी होत्या, त्यांतल्या बहुतेकांना क्रमांक होते, आणि गर्दी आत-बाहेर कशी हलेल याचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी झाला होता. वर ऊन अडवायला कापडाचं छतही ओढता यायचं.

आणि रस्ता. सामना सुटला की गाड्यांची रांग द्रुतगती मार्गापर्यंत जाते. पुणे-लोणावळा लोकलची देहू रोड आणि बेगडेवाडी ही स्थानकं तशी जवळ आहेत, पण तिथून मैदानापर्यंतची सोय ज्याची त्याने बघायची. पीएमपी सामन्याच्या दिवशी जादा गाड्या सोडते, त्यांचा उपयोग होतो. तरीही हे मैदान मुख्यतः गाडीवाल्यांसाठी बांधलेलं आहे हे लपत नाही. मुळशीतला माणूस पौड, पिरंगुट, हिंजवडी असा दुचाकीवर जातो, येताना रात्री बारानंतर घोटावड्याच्या बाजूने अंधारात परततो, आणि दुसऱ्या दिवशी सामन्यापेक्षा रस्त्याचंच जास्त सांगतो.

तरी जायचं असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पैसे परवडत असतील तर गोलंदाजाच्या हाताच्या रेषेत, म्हणजे खेळपट्टीच्या दोन टोकांपैकी एका मागे बसा. चेंडू वळतो की सरळ येतो हे तिथूनच दिसतं. बाजूच्या स्टँडमध्ये फटका दिसतो, चेंडू दिसत नाही. कसोटी असेल तर सावलीला किंमत द्या, खुर्चीच्या उंचीला नको. जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने इथे होतात, २०२३ पासून. तेव्हा गर्दी कमी असते, पाऊस हटकून येतो, आणि कव्हर ओढणाऱ्या मुलांची धावपळ बघताना मैदान किती खोल आहे आणि पाणी कुठून कसं निघून जातं, ते निवांत पाहता येतं. राज्यातल्या ज्या पोरांची नावं अजून कुणाला माहीत नाहीत ती त्या दिवसांत इथे खेळतात. सीमारेषेजवळ बसलात तर त्यांच्याशी दोन शब्द बोलताही येतं, आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी हे शक्य नसतं.